थारला आधी काय लावायचं? काळ्या मातीतलं अपग्रेडचं गणित

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि तेच तेच आलेलं काढून टाकलंय.)

गोरेगावातून बोलतोय. मुंबईचं गोरेगाव नाही, आपलं, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं.

आजचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच असतो: "भाऊ, फोर बाय फोर घेतली. लाखभर रुपये बाजूला ठेवलेत. आधी काय लावू? लिफ्ट किट, विंच, स्नॉर्केल, एलईडी बार, का मोठे टायर?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. आधी टायर. मग टायरमधली हवा कमी-जास्त करायची सोय. मग रुतलेली गाडी सुखरूप ओढून काढायचं सामान. या तिन्हीचे पैसे खर्च झाल्यावर उरले तर बाकीचं. आणि बाकीचं, खरं सांगू का, आपल्या भागात बहुतेकांना लागतच नाही.

आता हा क्रम असाच का, ते आज नीट बघू. कारण यूट्यूबवर जे बघतो ते बहुतेक वाळवंटातलं, नाहीतर खडकाळ डोंगरातलं असतं. आपल्याकडं ना वाळवंट ना मोठे खडक. आपल्याकडं आहे काळी माती. आणि काळ्या मातीचे नियम वेगळे आहेत.

गाडी कुणासाठी तयार करायची?

आम्ही सॉफ्टवेअरवाले काम हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारतो, हे वापरणार कोण आणि कशासाठी? गाडीलाही तेच लागू आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं काय होतं, तुम्हाला माहितीय. डांबरी रस्ता ठीक असतो. त्याच्या पुढं आखाड्यापर्यंत, वस्तीपर्यंत जाणारा पाणंद रस्ता बंद पडतो. एक-दोन किलोमीटरच असतो, पण मोटरसायकलसुद्धा निघत नाही. अशात रात्री एखाद्या बाईच्या पोटात कळा सुरू होतात, नाहीतर कुणाला साप चावतो. १०८ ची गाडी येते, पण डांबरीपर्यंतच. मधल्या चिखलातून पेशंट आणायचा कसा? बाजेवर, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आणि गावात कुणाकडं फोर बाय फोर असली तर पहिला फोन त्याला जातो.

म्हणून मी म्हणतो, खेड्यात फोर बाय फोर एकट्या मालकाची राहत नाही. ती गावाची होते. मग अपग्रेड निवडताना प्रश्न असा विचारायचा: रात्री अकरा वाजता, पावसात, पेशंट मागच्या सीटवर असताना, ही गाडी त्या पाणंदीतून परत येईल का? रीलमध्ये कशी दिसेल, हा प्रश्न नंतर.

आधी बघा, गाडी खरंच फोर बाय फोर आहे का?

हसू नका, हा प्रश्न गंभीर आहे. २०२० मध्ये आलेली थार सुरुवातीला फक्त फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने तिचं टू-व्हील ड्राइव्ह रूप आणलं, ज्यात ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. २०२४ ची थार रॉक्सही दोन्ही प्रकारांत मिळते आणि तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. सेकंड हँड घेताना दरवाज्यावरचा बिल्ला बघू नका, तो बाजारात विकत मिळतो. आत बसा, ट्रान्सफर केसचा दुसरा लिव्हर किंवा बटण आहे का बघा आणि आरसीवरचं व्हेरियंट वाचा. टू-व्हील ड्राइव्ह गाडीला नंतर फोर बाय फोर करणं व्यवहारात परवडत नाही. त्यापेक्षा गाडी बदला.

दुसरं बघायचं ते डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला हवीत. ते काम डिफरन्शियल करतं. पण त्यातच खोट आहे. एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्या, चांगल्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच कमी जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं गप्प बसतं. यावर कंपन्यांचे उपाय वेगळे. फोर्स गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं हातानं लावायचे डिफरन्शियल लॉक कंपनीकडूनच येतात. जिम्नीत आणि थारच्या काही व्हेरियंटमध्ये मोकळं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडं वळवतात. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागं मेकॅनिकल लॉक आहे, तो चाकाच्या वेगातला फरक ओळखून आपोआप लागतो. तुमच्या गाडीत यातलं काय आहे, ते मॅन्युअलमध्ये वाचा. जे आधीच आहे ते पुन्हा विकत घ्यायची गरज नाही.

आपला चिखल वेगळा का?

काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी आपल्या थरांच्या आत घेतं आणि फुगतं. वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. पावसात हीच माती दोन कामं एकदम करते. वरून घसरते आणि टायरला चिकटते.

चिकटते ही गोष्ट महत्त्वाची. बैलगाडीच्या चाकाला चिखल कसा थापला जातो, बघितलंय ना? तसाच तो टायरच्या खाचांत भरतो. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झालं. मग चारही चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही.

तिसरी अडचण म्हणजे चाकोऱ्या. पाणंदीत आधी ट्रॅक्टर गेलेला असतो. त्याची चाकं मोठी, पोट उंच. त्यानं दोन बाजूंनी खोल चर पाडलेले, मधे मातीचा उंचवटा. आपली गाडी त्या चरात उतरली की मधला उंचवटा पोटाला लागतो, आणि सगळ्यात आधी मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला. गाडी उंचवट्यावर बसली की चाकांवरचं वजन कमी होतं. मग कितीही ॲक्सिलरेटर द्या.

म्हणजे आपल्या शत्रूंची यादी अशी: पकड, खाचांत भरणारा चिखल, आणि पोटाखालची उंची. खरेदीची प्रत्येक वस्तू या यादीवर तपासायची.

टायर: अर्ध्याहून जास्त बजेट इथं

गाडी जमिनीला फक्त चार ठिकाणी टेकते. इंजिन, गिअरबॉक्स, लॉक, सगळ्यांचं काम शेवटी त्या चार ठिकाणांतून जमिनीपर्यंत पोचतं. म्हणून टायर पहिलं.

दोन मुख्य प्रकार. ऑल-टेरेन आणि मड-टेरेन. मड-टेरेनच्या ठोकळ्यांमध्ये मोठी मोकळी जागा असते. चाक थोडं जोरात फिरलं की त्यातला चिखल बाहेर फेकला जातो आणि खाच पुन्हा मोकळी होते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे तिरपे दांडे आठवा, तत्त्व तेच. ऑल-टेरेनच्या खाचा अरुंद, त्यामुळं काळ्या मातीत ते लवकर भरतात.

मग सरळ मड-टेरेनच घ्यायचे? थांबा. मड-टेरेन डांबरीवर आवाज करतं, लवकर झिजतं, ॲव्हरेज खातं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल्या डांबरीवर ब्रेक लावला की गाडी जास्त अंतर घेऊन थांबते. आणि आपण हिंगोली, वाशीम, नांदेड सगळं डांबरीवरूनच करतो.

माझा नियम सोपा. गेल्या वर्षभरात चिखलात किती दिवस गेलात, मोजा. वस्तीवरच राहता, पावसाळाभर रोज पाणंद तुडवायची आहे, तर मड-टेरेन. गावात राहता, महिन्यातून चार-पाचदा शेतात जाता, तर चांगले, मोठ्या खाचांचे ऑल-टेरेन. गाडी मुख्यतः संभाजीनगर-पुण्याला पळते, तर कंपनीचेच टायर झिजेपर्यंत वापरा आणि पैसे पुढच्या दोन गोष्टींवर घाला.

आता साइझ. इथं थोडं गणित करू, कारण लिफ्ट किटचा निकाल इथंच लागतो.

थारला वरच्या व्हेरियंटमध्ये २५५/६५ आर १८ टायर येतात. व्यास काढू. २५५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. दोन्हीकडची धरून ३३२. त्यात १८ इंची रिम, म्हणजे ४५७. एकूण ७८९ मिलिमीटर. आता लोक लावतात तो मोठा साइझ घेऊ, २८५/७० आर १७. त्याचा व्यास येतो ८३१. फरक ४२ मिलिमीटर. पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे २१ मिलिमीटर. अंगठ्याच्या जाडीएवढी.

त्या बदल्यात काय गेलं? टायर पाच टक्क्यांहून थोडं जास्त मोठं, म्हणजे स्पीडोमीटरच्या काट्यामागचा खरा वेग तेवढा वाढला. गिअरिंग तेवढंच लांबलं, चढावर जोर कमी वाटणार. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासण्याची शक्यता. म्हणून मी म्हणेन, कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साइझमध्येच राहा आणि खाचांचा नमुना बदला. थारच्या खालच्या व्हेरियंटला २४५/७५ आर १६ येतो. त्याचा व्यास ७७४, म्हणजे थोडासाच लहान. पण रिम लहान असल्यानं रबराची भिंत उंच. हवा कमी केल्यावर ती जास्त छान दबते.

लिफ्ट किटनं गोळा वर जात नाही

आता लिफ्ट किट. दोन इंची लिफ्ट लावली की काय होतं? स्प्रिंगच्या वरचं सगळं, म्हणजे बॉडी आणि चॅसी, वर जातं. पण थारचा मागचा ॲक्सल एकसंध आहे. त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या मधेच टांगलेला. स्प्रिंग कितीही उंच करा, गोळा जिथं होता तिथंच राहतो. तो वर नेण्याचा मार्ग एकच, टायरचा व्यास. जिम्नीला तर पुढं-मागं दोन्ही ॲक्सल एकसंध, तिथं दोन्ही गोळे जागेवरच.

ट्रॅक्टरच्या चाकोरीत आधी काय अडकतं? तोच गोळा. म्हणजे आपल्या पाणंदीसाठी लिफ्ट किट हे चुकीच्या प्रश्नाचं महागडं उत्तर आहे. बंपरच्या खालची जागा वाढते, खडकाळ चढावर त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी जास्त कलते, ड्राइव्ह शाफ्टचे कोन बदलतात, वॉरंटीवर प्रश्नचिन्ह येतं.

मग चाकोरीचं काय करायचं? फुकटचा उपाय आहे. चरात उतरायचंच नाही. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची कडेला. शक्य नसेल तर खाली उतरा आणि फावड्यानं मधला उंचवटा छाटा. दहा मिनिटं लागतात.

हवा: सगळ्यात स्वस्त अपग्रेड

हवा कमी केली की टायर खाली पसरतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. किती पसरतं, ते बघू. गाडी आणि माणसं मिळून १,८०० किलो धरा. एका चाकावर ४५० किलो. ३२ पीएसआय म्हणजे साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ४५० भागिले सव्वादोन, झालं २०० चौरस सेंटिमीटर. तळहाताहून थोडं मोठं. आता हवा १८ पीएसआयवर आणा. तेच गणित करा, साडेतीनशेच्या वर जातं. टायरच्या भिंतीचा कडकपणा यात धरलेला नाही, त्यामुळं आकडे ढोबळ आहेत. पण दिशा पक्की आहे. जमिनीला टेकणारा भाग पाऊणपट वाढला, आणि तोही मुख्यतः लांबीत. खर्च शून्य.

यासाठी लागतं काय? चांगला प्रेशर गेज आणि थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा खेळण्यातला नको, मोठं टायर भरताना तो तापून बसतो.

नियम लक्षात ठेवा. चिखलात १८ ते २० पीएसआय. १५ च्या खाली जाऊ नका, जोरात वळवलं तर टायर रिमवरून सुटू शकतं. कमी हवेवर वेग तीस-चाळीसच्या वर नको. आणि डांबरीवर आलात की आधी हवा भरा, मग पुढं निघा. पेशंट घेऊन घाईत असाल तर त्याला १०८ मध्ये बसवा, आपण मागं थांबून हवा भरा.

याच पिशवीत ट्यूबलेसचं पंक्चर किट ठेवा. आपल्याकडं कुंपणाला बाभळीच्या काट्या टाकतात, त्या पाणंदीत पडलेल्या असतात. काटा घुसलेला दिसला तर लगेच उपटू नका. आधी प्लग तयार ठेवा, मग काटा काढा.

ओढून काढायचं सामान: इथं जीव जातो

आता ज्या भागासाठी मी हा एपिसोड करायला घेतला, तो भाग.

गाडी रुतणार. कितीही भारी असो, काळ्या मातीत कधी तरी रुतणारच. मग आपण काय करतो? "काका, जरा ट्रॅक्टर आणा." काका ट्रॅक्टर आणतात, नांगराची साखळी आणतात. साखळी बंपरला, नाहीतर ॲक्सलला, नाहीतर मागच्या टो बॉलला बांधतात. चार पोरं आजूबाजूला उभी, एक जण मोबाइलवर शूट करतोय. आणि काका झटका देतात.

हे दृश्य आपण सगळ्यांनी बघितलंय. यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे. साखळी ताणली जात नाही, ती तुटते. तुटली की तुकडा गोळीसारखा जातो. टो बॉल ट्रॉली ओढायला केलेला असतो, झटका सोसायला नाही. ऑस्ट्रेलियात असे टो बॉल तुटून काचेतून आत आले आणि माणसं गेली. बंपर तर पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा, तो नुसताच हातात येतो.

म्हणून लाखाच्या बजेटमध्ये दहा-पंधरा हजार इथं जाऊ द्या. काय घ्यायचं?

एक, पुढं आणि मागं चॅसीला बोल्टनं पक्का बसवलेला, वजनाची क्षमता लिहिलेला रिकव्हरी पॉइंट. कंपनीने दिलेला हुक कशासाठी आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढणं वेगळं आणि चिखलातून उपसणं वेगळं. चिखल चाकाला आत ओढून धरतो, जोर कितीतरी जास्त लागतो.

दोन, न ताणला जाणारा रुंद पट्टा. ट्रॅक्टर ओढणार असेल तर हाच. ट्रॅक्टरला झटक्याची गरज नसते. पट्टा आधी ताठ करायचा आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू ओढायचं. ताणला जाणारा कायनेटिक रोप असतो, तो हलक्या गाडीनं जड गाडी काढायला. तो रबरासारखी ऊर्जा साठवतो, शिकल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तीन, दोन बो शॅकल. ३/४ इंची शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. ज्याच्यावर काहीच कोरलेलं नाही, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

चार, फावडं. आणि ट्रॅक्शन बोर्ड परवडत नसतील तर तुराट्या, पऱ्हाट्या. आपल्या आजोबांनी गाडीच्या चाकाखाली हेच घातलंय. चाकासमोरचा चिखल आधी उकरा, मग तुराट्यांची पेंढी आडवी घाला.

आणि एक नियम, ज्याला पैसे लागत नाहीत. ओढताना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको. काका सोडून सगळे लांब. पट्ट्यावर एक ओलं पोतं टाका, तुटला तर उसळी कमी होते. शूटिंग करणाऱ्याला सरळ सांगा, "भावा, आधी मागं हो."

विंचचं काय? विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा लागतो. २.३ टन भरलेली गाडी धरली तर साडेतीन टनांच्या आसपास, म्हणजे आठ हजार पाउंडांचा किंवा त्याच्या वरचा. चांगला विंच महाग आणि पस्तीस-चाळीस किलोचा. पण मुख्य प्रश्न वेगळा. तो बांधायचा कशाला? सोयाबीनच्या सपाट शेतात झाड कुठाय? बांधावर एखादा लिंब असला तर असला, तोही दोनशे फुटांवर. जंगलातल्या वाटांवर विंच सोनं आहे. आपल्याकडं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर हाच विंच.

पाणी: स्नॉर्केलवर भिस्त नको

स्नॉर्केलचं काम एकच, इंजिनाला हवा उंचावरून देणं, म्हणजे इंजिनात पाणी जाऊन ते फुटू नये. धुळीतही थोडा फायदा. पण लोकांना वाटतं, स्नॉर्केल लावला म्हणजे पुरातून जायचं लायसन्स मिळालं.

थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. हा आकडा वाहत्या नाल्याचा धरू नका. पुन्हा गणित करू. थार चार मीटर लांब, १.८ मीटर रुंद. तळाचं क्षेत्रफळ ढोबळ सात चौरस मीटर. गाडीच्या फ्लोअरच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढलं आणि आत शिरलं नाही, तर ०.७ घनमीटर पाणी बाजूला सरलं. म्हणजे गाडीला वर उचलणारा जोर ७०० किलो. वीस सेंटिमीटरला १,४००. गाडीचंच वजन पावणेदोन टन. म्हणजे चाकांवर उरलं किती? साडेतीनशे. त्यात बाजूनं पाण्याचा धक्का. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. गाडी तरंगण्याआधीच सरकते, आणि नळकांडी पुलाला कठडे नसतात.

म्हणून कयाधू असो, पैनगंगा असो, नाहीतर गावाबाहेरचा बिननावाचा ओढा, पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. पेशंट आत असला तरी. तेव्हाच जास्त, कारण आता जीव एकट्याचा नाही. दुसरा रस्ता, दुसरं गाव, पलीकडून १०८, फोन करून जमवा. या बाबतीत कुठलंच अपग्रेड नाही.

बाकीच्या वस्तू पटापट

डिफरन्शियल लॉक वेगळा बसवायचा? एक चाक अधांतरी, एक जमिनीवर, अशा खाचखळग्यांत तो कमाल करतो. पण चारही टायर चिखलानं भरलेले असतील तर लॉक चारही गुळगुळीत चाकं एकत्र फिरवतो, एवढंच. आधी टायर.

लोखंडी बुल बार? नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलंय की हे बेकायदा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि बुल बारमुळं धडकेचा जोर थेट चॅसीवर जातो, एअरबॅगचं वेळापत्रक बिघडू शकतं. समोर पायी माणूस असेल तर त्याचं काय होत असेल, सांगायला नको.

एलईडी बार? पावसात पांढरा झगझगीत उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डांबरीवर तो लावणं म्हणजे समोरच्या मोटरसायकलवाल्याला आंधळं करणं. त्यापेक्षा चांगला हेडटॉर्च घ्या. रात्री गाडीखाली वाकून शॅकल लावताना दोन्ही हात मोकळे हवेत.

वजन हा गुपचूप वाढणारा शत्रू

शेवटचा मुद्दा. १९४७ मध्ये महिंद्रानं आपल्याकडं विलीज जीप जोडायला सुरुवात केली. युद्धातली विलीज साधारण ११०० किलोची होती, इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, टायर सहा इंच रुंदीचे, लॉक नाही, विंच नाही. तरी ती युरोपच्या चिखलातून गेली. का? हलकी होती, आणि रुतली तर चार जवान ती ढकलू शकत होते.

आता आपण काय करतो? लोखंडी बंपर पुढं ६० किलो, मागं ५०, विंच ४०, छतावर कॅरिअर ४०. झाले १९०. म्हणजे तीन माणसं गाडीत कायमची बसवून ठेवली, आणि त्यातलं काही टपावर. काळी माती वजन माफ करत नाही. शिवाय पेशंट, त्याची बायको, शेजारचा भाऊ यांच्या वाट्याचं वजन बंपरनं आधीच खाल्लेलं असतं.

तर लाख रुपयांची यादी, क्रमानं. एक, टायरचा सेट, स्टेपनीसकट, पाचही सारखे. दोन, गेज, कॉम्प्रेसर, पंक्चर किट. तीन, रिकव्हरी पॉइंट, पट्टा, दोन शॅकल, फावडं, हातमोजे. चार, हेडटॉर्च, प्रथमोपचार पेटी, ताडपत्री, दोन रिकामी पोती. पाच, उरलेल्या पैशांत डिझेल भरा आणि पहिला पाऊस झाला की दिवसाउजेडी आपल्याच शेतात सराव करा. लो रेंज कसा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवून टायर कसे मोकळे राहतात, आणि चाक नुसतं फिरायला लागलं की पाय कधी उचलायचा. पाच सेकंद जास्त रेटलं की तासभर खणावं लागतं.

सरावाला काकांना आणि ट्रॅक्टरलाही बोलवा. रात्री फोन येईल तेव्हा पट्टा ओढणारे तेच असणार आहेत. पट्टा कुठं लावायचा आणि झटका का द्यायचा नाही, हे त्यांनाही उजेडात एकदा करून बघू द्या.

पुढच्या एपिसोडमध्ये सेकंड हँड फोर बाय फोर तपासायची कशी, ते बघू. ट्रान्सफर केस, ॲक्सल सील, चॅसीवरचा गंज, सगळं. तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि बजेट लिहून पाठवा. नुसतं "काय लावू" असं नको, रस्ता कसला आहे ते आधी सांगा.

चला, भेटू. हवा चेक करा.